इंग्लंडमधे भारतीय पासपोर्टवर डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं का?

एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी स्किल्ड वर्कर व्हिसावर इंग्लंडला आलो, कौन्सिलचं पत्र आलं म्हणून मतदार नोंदणीचा फॉर्म भरला होता, आता डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीची पोल कार्डं (मतदान कधी, कुठे ते कळवणारी) आली आहेत, माझं आणि बायकोचं. आम्ही भारतीय नागरिक, मग हे चुकून आलं का? मत दिलं तर व्हिसाला त्रास होईल का? बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे आणि पोल कार्डावर सासरचं, ते चालतं का? ही निवडणूक नक्की कशाची असते, आणि उद्या आपल्याला उभं राहता येतं का?

मी लेस्टरशायरमधे गेली बारा वर्षं निवडणुकीचं काम करतेय, आधी पोल क्लार्क म्हणून आणि नंतर प्रिसायडिंग ऑफिसर म्हणजे केंद्रप्रमुख, मोजणीच्या टेबलावर पण बसलेय. त्यामुळे जे सांगतेय ते टेबलाच्या अलीकडून पाहिलेलं आहे. कुठल्या पक्षाला द्या हे मी सांगणार नाही, आम्हाला प्रचार करायला बंदीच असते आणि ते बरोबरच आहे.

तर चुकून आलेलं नाहीये. भारत कॉमनवेल्थमधे आहे, आणि कॉमनवेल्थ देशाचा नागरिक जर इथे कायदेशीर राहत असेल, म्हणजे त्याच्याकडे कुठलाही चालू व्हिसा असेल, तर 1983 च्या रिप्रेझेंटेशन ऑफ द पीपल ॲक्टप्रमाणे तो मतदार होऊ शकतो. पीआर लागत नाही, ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, स्टुडंट व्हिसा असला तरी चालतो, वय फक्त 18 पाहिजे. नुसती कौन्सिलची नाही, पार्लमेंटची निवडणूक पण. तुमच्या शेजारी वीस वर्षं राहिलेला अमेरिकन असेल तर त्याला हा हक्क नाही आणि तुम्हाला आल्याआल्या आहे. साम्राज्याच्या काळापासून चालत आलेली गोष्ट आहे ही, पण आज ती आपल्या हातात आहे एवढं खरं. व्हिसाचं म्हणाल तर कायद्याने दिलेला हक्क वापरल्याने व्हिसाला काहीही होत नाही. मी स्वतः भारतीय पासपोर्टवर कितीतरी वर्षं मत दिलं, मग आयएलआर (म्हणजे इथलं पीआर, कायम राहायची परवानगी) झालं, तेव्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट नाव यादीत असलं की क्रेडिट स्कोअरला मदत होते, कारण क्रेडिट कंपन्या पत्ता पडताळायला हीच यादी बघतात, घराचं कर्ज काढायच्या वेळी ते कळतं.

आता ही निवडणूक कशाची. आपल्याकडची सवय म्हणून बरेच जण डिस्ट्रिक्ट म्हटलं की जिल्हा परिषद समजतात आणि तिथेच गोंधळ होतो. इथला जिल्हा परिषदेसारखा मोठा तुकडा म्हणजे काउंटी कौन्सिल, आणि डिस्ट्रिक्ट हा त्याच्या खालचा, साधारण तालुक्याएवढा. लेस्टरशायर काउंटीखाली असे सात आहेत, ब्लेबी, चार्नवुड, हार्बरो, मेल्टन, हिंकली अँड बॉसवर्थ, ओडबी अँड विगस्टन आणि नॉर्थ वेस्ट लेस्टरशायर. लेस्टर शहर यात नाही, त्याचं स्वतंत्र कौन्सिल आहे जे सगळंच बघतं, त्याला युनिटरी म्हणतात. काही डिस्ट्रिक्टच्या नावात बरो असतं, त्याने कामात फरक पडत नाही.

कामांची वाटणी मात्र नीट समजून घ्या, कारण दारावर येणाऱ्या उमेदवाराला काय विचारायचं ते यावरच ठरतं. रस्त्यातले खड्डे, शाळांचे प्रवेश, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, लायब्ररी हे सगळं काउंटीकडे. डिस्ट्रिक्टकडे कचरा उचलणं (उचललेला कचरा नेऊन त्याची विल्हेवाट लावणं परत काउंटीकडे, हो, असंच आहे), घर बांधायच्या परवानग्या म्हणजे प्लॅनिंग, कौन्सिलच्या घरांची वेटिंग लिस्ट आणि बेघर झालेल्यांची सोय, हॉटेलांची स्वच्छता तपासून दाराला ते 0 ते 5 आकड्याचं स्टिकर देणं, टॅक्सी आणि पबची लायसन्स, स्विमिंग पूल, बागा, कार पार्क. कौन्सिल टॅक्सचं बिल पण डिस्ट्रिक्टच पाठवतं, पण त्यातला साधारण दहावा हिस्साच स्वतःकडे ठेवतं, मोठा वाटा काउंटीला जातो, उरलेला पोलिस आणि फायर ब्रिगेडला. बिलावर हे सगळं छापलेलं असतं, एकदा काढून बघाच. म्हणजे डिस्ट्रिक्टचा उमेदवार पत्रकात नुसता खड्ड्यांबद्दल बोलत असेल तर त्याला सरळ विचारा, हे तुमच्या हातात आहे का.

सगळ्यात वजनदार काम प्लॅनिंगचं. गावाबाहेरच्या शेतात पाचशे घरं येणार की नाही, आली तर त्यात परवडणारी किती, हे डिस्ट्रिक्टच्या लोकल प्लॅनमधे ठरतं आणि मोठे अर्ज प्लॅनिंग कमिटीपुढे येतात, जिथे हेच निवडून आलेले लोक हात वर करून निर्णय घेतात. तुमच्या शाळेतली गर्दी, सर्जरीत म्हणजे दवाखान्यात डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळणं न मिळणं, सकाळचा ट्रॅफिक, सगळ्याचं मूळ शोधत गेलात की अशाच एखाद्या संध्याकाळच्या मीटिंगपाशी पोचता. आणि यातला एकेक जण निवडून येतो किती मतांनी, ते ऐका.

एका वॉर्डात धरा अडीच हजार मतदार आहेत. स्थानिक निवडणुकीत मतदान तीस-पस्तीस टक्के झालं तरी आम्ही ठीक झालं म्हणतो, म्हणजे आठशे-साडेआठशे लोक आले. तीन उमेदवार असतील तर साडेतीनशे मतं मिळवणारा चार वर्षांसाठी कौन्सिलर. आपल्याकडे एखाद्या सोसायटीच्या निवडणुकीत पण याहून जास्त मतं पडतात. मी मोजलेल्या एका वॉर्डात निकाल सात मतांचा होता, दोनदा परत मोजायला लावलं, तिन्ही वेळा सातच. त्या वॉर्डातल्या एका नवीन वसाहतीत आपली निदान पंधरा घरं मला माहीत होती, गणपतीला सगळे भेटतात, आणि दिवसभर मी ज्या केंद्रावर बसले होते तिथे त्यातले दोघं आले. दोघं! बाकीच्यांना नंतर विचारलं तर एकच उत्तर, आम्हाला वाटलं ते इथल्या लोकांसाठी असतं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कुणी जिंकलं हरलं म्हणून नाही, तर कार्ड दारात येऊन पडलेलं असताना आपण आपलं नाव स्वतःहून खोडलं म्हणून.

समसमान मतं पडली तर काय, हेही विचारतात लोक. परत मोजूनही आकडा तोच राहिला तर रिटर्निंग ऑफिसर चिठ्ठ्या टाकतो, नाहीतर काड्या ओढायला लावतो. 2017 ला नॉर्थंबरलँड काउंटीमधे साउथ ब्लाइथ वॉर्डात अशीच बरोबरी झाली आणि काडी लिबरल डेमोक्रॅटच्या बाजूने निघाली. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या 67 पैकी 33 जागा झाल्या होत्या, त्या एका काडीने बहुमत हुकलं. त्या वॉर्डात घरी बसलेल्या प्रत्येकाच्या मनात नंतर काय आलं असेल कुणास ठाऊक.

मतदानाच्या दिवसाचं सांगते. साधारणपणे मे महिन्यातला पहिला गुरुवार असतो, पोटनिवडणूक असेल तर वर्षात कधीही येते, सकाळी 7 ते रात्री 10. सुट्टी नसते, लोक ऑफिसला जाता येता मत देतात. केंद्र म्हणजे चर्चचा हॉल, शाळा, कधी कधी पब सुद्धा, एकदा मी पार्किंगमधे उभ्या केलेल्या केबिनमधे पंधरा तास काढलेत, बाहेर नुसता पाऊस. पोलिस बंदोबस्त, रांगा, बोटाला शाई, मशीन, यातलं काही नाही, त्यामुळे आपल्या माणसाला पहिल्यांदा आल्यावर हे खरंच मतदान आहे का असंच वाटतं. दारात कुणीतरी पक्षाचा बिल्ला लावून तुमचा मतदार नंबर विचारेल, त्याला टेलर म्हणतात, तो आमचा माणूस नाही, त्याच्या पक्षाचे कोण कोण येऊन गेले याची नोंद ठेवत असतो. सांगायचं तर सांगा, नाही सांगितलं तरी चालतं, सरळ आत या.

आत क्लार्क नाव-पत्ता विचारतो, फोटो आयडी बघतो, यादीत नावावर रेघ मारतो आणि बॅलट पेपर देतो. पोल कार्ड विसरलात तरी बिघडत नाही, आयडी विसरलात तर मात्र मत नाही. हा नियम 2022 च्या इलेक्शन्स ॲक्टने आला आणि 4 मे 2023 च्या कौन्सिल निवडणुकांत इंग्लंडमधे पहिल्यांदा लागू झाला. इथल्या इलेक्टोरल कमिशनच्या हिशोबाप्रमाणे त्या दिवशी साधारण 14 हजार लोक केंद्रावर येऊनही याच कारणाने मत न देता गेले. आम्हाला पण माणसाला परत पाठवायला आवडत नाही हो, रात्री पावणेदहाला नाइट शिफ्टला निघालेली एक नर्स हॉस्पिटलचं फोटो कार्ड घेऊन आली होती, ते यादीत बसत नाही, घर लांब, तिचं मत गेलं ते गेलंच. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण कॉमनवेल्थ देशांचे पासपोर्ट यादीत आहेत. यूकेचं फोटोवालं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, प्रोव्हिजनल पण. व्हिसाचं जुनं बीआरपी कार्ड चालतं, मुदत संपलेली असली तरी, फोटोत तुम्ही ओळखू आलात की झालं. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स चालत नाही, आधार कार्ड चालत नाही, फोनमधला ई-व्हिसा किंवा पासपोर्टचा फोटो चालत नाही. ओरिजिनल वस्तू हातात पाहिजे. काहीच नसेल तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट नावाचा कागद सरकार फुकट देतं, पण तो निवडणुकीच्या सहा कामकाजाच्या दिवस आधी संध्याकाळी 5 पर्यंत मागावा लागतो.

बॅलट पेपर हातात आला की वर लिहिलेलं वाचा, किती मतं द्यायची ते तिथे असतं. बऱ्याच वॉर्डांतून एकाच वेळी दोन किंवा तीन कौन्सिलर निवडायचे असतात, मग तुम्हाला तीनपर्यंत मतं असतात, तीनही एका पक्षाला द्या, वाटून द्या, एकच द्या, सगळं चालतं. तीनच्या जागी चार फुल्या मारल्या की पूर्ण कागद बाद. नावं आडनावाप्रमाणे एबीसीडीत असतात आणि तीन जागांच्या वॉर्डात एकाच पक्षाच्या तिघांत सुद्धा वरच्या नावाला थोडी जास्त मतं पडलेली मी मोजताना पुष्कळदा पाहिली आहेत, म्हणून पूर्ण यादी खालपर्यंत वाचा. फुली मारायची असते, पण बरोबरची खूण केलीत किंवा आकडा लिहिलात तरी हेतू स्पष्ट असेल तर मत धरतात. सही मात्र करू नका, आपलं नाव लिहू नका, ओळख पटेल असं काही लिहिलं की बाद. बॅलटच्या मागे एक नंबर असतो आणि क्लार्क तुमचा मतदार नंबर एका वेगळ्या कागदावर त्याच्यासमोर लिहितो, ते बघून लोक बिचकतात की मत गुप्त राहत नाही. ते सगळे कागद सील होतात, वर्षभर तसेच ठेवतात आणि मग नष्ट करतात, मधे उघडायला कोर्टाचा हुकूम लागतो. चुकून खराब झाला कागद तर पेटीत टाकू नका, आमच्याकडे आणा, बदलून देतो. पेन्सिल का म्हणून पण वाद घालतात, स्वतःचं पेन आणलंत तरी काही हरकत नाही. रात्री 10 च्या ठोक्याला तुम्ही रांगेत असाल तर तुमचं मत घेतलंच जातं.

मोजणी त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी स्पोर्ट्स हॉलमधे. आधी नुसती संख्या जुळवतात, केंद्रावरून दिलेले कागद आणि पेटीतले कागद यांचा हिशोब लागल्याशिवाय मतं मोजायला घेतच नाहीत. तीन जागांच्या वॉर्डाची मोजणी ही खरी डोकेदुखी. एका पक्षाला सरळ तिन्ही मतं असलेले कागद वेगळे काढून गठ्ठे बांधतो, ते सोपं, पण ज्यांनी मतं वाटून दिली आहेत ते एका लांब शीटवर खालीखाली असे चिकटवतो की नुसती फुल्यांची बाजू एकाखाली एक दिसावी, त्याला इथे ग्रास स्कर्ट म्हणतात कारण चिकटवून झालं की शीट गवताच्या झालरीसारखी दिसते. समोर सगळ्या पक्षांचे लोक मान पुढे करून प्रत्येक कागद बघत असतात, हात लावत नाहीत पण नजर हलत नाही. तो दोन तासांचा ताण मला अजून आवडतो.

प्रचार म्हणजे दार वाजवणं आणि पत्रकं, बस. भोंगे नाहीत, सभा जवळपास नाहीत. मतासाठी चहा-नाश्ता घालणं सुद्धा गुन्हा आहे, त्याला ट्रीटिंग म्हणतात. आणि तुमचं पोस्टल व्होट मी नेऊन टाकतो असं कुणी उमेदवार किंवा त्याचा कार्यकर्ता म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा, मे 2024 पासून पक्षाच्या माणसाने दुसऱ्याचं पोस्टल व्होट हाताळणं बेकायदा आहे.

आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, मे महिना म्हणजे भारतात जायचा महिना, लग्नं, आंबे, आईवडिलांना भेटणं. तेव्हा पोस्टल व्होट मागवून ते पुण्याला किंवा नाशिकला पोचून परत येईल याच्या भरवशावर राहू नका, कागद छापून निघतातच उशिरा, वेळेत परत आले नाहीत तर मोजत नाहीत. त्यापेक्षा प्रॉक्सी करा, म्हणजे तुमच्या वतीने दुसरा विश्वासातला मतदार तुमच्या केंद्रावर जाऊन मत देतो, त्याने स्वतःचा आयडी न्यायचा. अर्ज सहा कामकाजाच्या दिवस आधी 5 वाजेपर्यंत. नोंदणीच नसेल तर ती बारा कामकाजाच्या दिवस आधी व्हायला हवी, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मुलगा-मुलगी शिकायला दुसऱ्या गावात असतील तर दोन्ही पत्त्यांवर नोंदणी करता येते, आणि कौन्सिलं वेगळी असतील तर दोन्हीकडे स्थानिक मत देता येतं. पार्लमेंटला मात्र एकच.

उभं राहायचं विचारलंत, मला फार बरं वाटलं. इथे फरक आहे. मत द्यायला कुठलाही व्हिसा चालतो पण उभं राहायला कॉमनवेल्थ नागरिकाला आयएलआर लागतं, म्हणजे तुम्हाला अजून काही वर्षं थांबावं लागेल. शिवाय त्या डिस्ट्रिक्टच्या यादीत नाव हवं, किंवा गेले पूर्ण बारा महिने तिथे राहणं, मुख्य नोकरी, किंवा मालकी-भाड्याची जागा यातलं काहीतरी. त्याच कौन्सिलमधे नोकरीला असाल तर नाही. डिपॉझिट लागत नाही, पार्लमेंटला 500 पौंड लागतात, इथे शून्य. अर्जावर सूचक आणि अनुमोदक अशा त्या वॉर्डातल्या दोनच मतदारांच्या सह्या, पूर्वी दहा लागायच्या. खर्चाची मर्यादा 960 पौंड अधिक प्रत्येक मतदारामागे 8 पेन्स, म्हणजे अडीच हजारांच्या वॉर्डात 1160 पौंडात सगळी निवडणूक, आणि पैन् पैचा हिशोब द्यावा लागतो. पगार नसतो, वर्षाला काही हजार पौंड भत्ता असतो, मीटिंगा बहुतेक संध्याकाळी, त्यामुळे नोकरी करून जमवणारे आहेत. आपल्यातला कुणी पहिलाच असेल असं समजू नका, व्ही. के. कृष्ण मेनन नंतर भारताचे संरक्षणमंत्री झाले, ते 1934 पासून 1947 पर्यंत लंडनच्या सेंट पँक्रसचे कौन्सिलर होते. आयएलआर झालं की आधी पॅरिश कौन्सिलपासून (म्हणजे गावपातळीवरच्या सगळ्यात छोट्या कौन्सिलपासून) सुरुवात करा असं मी सांगेन, तिथे कितीदा जागेपेक्षा उमेदवार कमी असतात आणि मग बोलावून घेतात, काम कसं चालतं ते आतून कळतं.

एक सावधगिरी, ही डिस्ट्रिक्ट कौन्सिलं फार वर्षं राहतीलच असं नाही. डिसेंबर 2024 मधे सरकारने काउंटी आणि डिस्ट्रिक्ट एकत्र करून सगळीकडे युनिटरी करायचं धोरण जाहीर केलं, आणि त्यापायी 2025 च्या मे मधल्या सरे, एसेक्स, नॉरफोक अशा नऊ ठिकाणच्या निवडणुका पुढे गेल्या. त्यामुळे मित्राच्या गावात निवडणूक आहे म्हणून तुमच्याकडे असेलच असं धरू नका, कौन्सिलच्या वेबसाइटवर बघा. कौन्सिलचं नाव, हद्द बदलेल, तुमचा मताचा हक्क आहे तसाच राहतो.

आता राहिला वहिनींच्या नावाचा प्रश्न, आणि हा तर मी दरवेळी टेबलावर बघते. आयडीवरचं नाव आणि यादीतलं नाव ओळखू येईल इतकं जुळायला हवं. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टवर आहे आणि यादीत नाही, त्याने अडत नाही. स्पेलिंगचा एखाद्या अक्षराचा फरक पण समजून घेतात. आडनावच पूर्ण वेगळं असेल तर प्रिसायडिंग ऑफिसर पुरावा मागणार, म्हणून मॅरेज सर्टिफिकेट पासपोर्टसोबत घेऊन जायचं, ओरिजिनल, आणि ते नुसतं मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर पण जवळ ठेवा कारण केंद्रावर बसलेल्या माणसाला ते वाचता आलं पाहिजे. हे दरवेळचं नको असेल तर आजच कौन्सिलच्या इलेक्टोरल सर्व्हिसेसला फोन करा आणि यादीतलं नाव पासपोर्टप्रमाणे करायचंय म्हणून सांगा, त्यांचा नंबर पोल कार्डावरच छापलेला असतो. मतदानाला थोडेच दिवस उरले असतील तर बदल यावेळी लागू होईल का तेही त्याच फोनवर विचारून घ्या, आणि नसेल होत तर गुरुवारी ते सर्टिफिकेट न विसरता पर्समधे.